ओली पायरी

"उठा भाऊजी, पाणी टाकायचंय."

"आत्ताच तर टाकलंत की, वहिनी. बारा वाजता."

"आता तीन वाजलेत. उठा."

भाऊजी गुडघ्यावर हात टेकून "अरे बाबा रे" म्हणत उठले आणि चपला हातात घेऊन बाजूला झाले. मी दुकानाच्या पायरीवर बादली पालथी केली.

"आता वाळेपर्यंत मी बसू कुठे?" ते हसत म्हणाले.

"मला काय विचारता? घर नाही का तुम्हाला?"

मी तोंडाची फटकळ, हे सगळ्या गल्लीला ठाऊक आहे. भाऊजी म्हणजे माझे धाकटे दीर. कारखाना बंद पडल्यापासून रिकामे. लग्न नाही, मागच्या गल्लीत एक खोली. माझे यजमान गेल्याला सहा वर्षं झाली, तेव्हापासून रोज दुपारी येऊन पायरीवर बसायचे. साबण, बल्ब, खिळे, दोऱ्या असलं माझं दुकान. पण भाऊजींनी कधी आत पाऊल टाकलं नाही की गिऱ्हाइकात लुडबुड केली नाही. आठ वाजता उठायचे आणि शटर ओढून द्यायचे. आमचं शटर मेलं अर्ध्यावर अडतं. डावा कोपरा खांद्यावर घेऊन वर रेटायचा, तेव्हा कुठे खाली येतं. तेवढं करून "येतो वहिनी" म्हणून चालू लागायचे. लोक विचारायचे, "कोण हो हे?" मी विषय बदलायची. लाज वाटायची मला, खोटं कशाला बोलू.

भाऊजींच्या शेजारी आणखी दोघं-तिघं रिकामटेकडे टेकायचे. त्यातून कोणाचं वाकडं झालं नव्हतं. पण मध्यंतरी भरदुपारी दोन पोरांनी आमच्या गल्लीत एका शिक्षिकेची पर्स हिसकावली. बाई पडल्या, खुब्याचं हाड मोडलं. चार दिवसांनी पोलीस दुकानादुकानांतून कागद घेऊन फिरले. ज्याच्या दारात टोळकं बसेल त्या दुकानदाराला जबाबदार धरणार; बसणारे त्याच्या ओळखीचे निघाले तर परवाना रद्द. सगळ्यांनी मुकाट्याने सह्या केल्या. मीही केली. दुकान गेलं तर मी खाणार काय?

तेव्हा पाण्याची युक्ती मीच काढली. भांडायला नको, हाकलायला नको, ओल्या पायरीवर कोण बसतंय? चष्मेवाल्याला आवडली, शिंप्याला आवडली. आठवड्याभरात अख्ख्या गल्लीतल्या पायऱ्या दिवसभर ओल्या. "डोकं चालतं हो तुमचं," चष्मेवाला म्हणाला आणि मी फुशारले.

भाऊजी पायरी वाळायची वाट बघत उभे राहायचे. आधी माझ्या दाराशी, मग शिंप्याच्या. शेवटी कोपऱ्यावरच्या विजेच्या डब्याला टेकून. तिथून माझं दुकान सरळ दिसतं.

मंगळवारी पाचच्या सुमारास पोलिसांची गाडी कोपऱ्यावर थांबली. रिकामे उभे असलेले चौघं त्यांनी उचलले. त्यातल्या एकाला दंडाला धरून शिपाई माझ्या दारात घेऊन आला. भाऊजी होते. शर्टाचं वरचं बटण तुटलं होतं.

"हा म्हणतो, तुमचा माणूस आहे. रोज इथेच बसायचा म्हणे. ओळखता?"

दुकानात दोन गिऱ्हाइकं होती. चष्मेवाला त्याच्या दारातून बघत होता. शिपायाच्या काखेत सह्यांच्या कागदांचं बाड होतं. भाऊजी माझ्याकडे बघून किंचित हसले, आता सुटलो असं वाटल्यासारखे.

"दुकान म्हटल्यावर शंभर लोक येतात," मी म्हणाले. "सगळ्यांना कुठे ओळखणार?"

"म्हणजे नाही ना?"

"नाही."

भाऊजींनी मान खाली घातली. मी गिऱ्हाइकाला बल्ब लावून दाखवायला वळले.

त्यांना दुसऱ्या दिवशी सोडलं, असं शिंप्याने सांगितलं. मी खोलीवर गेले तर कुलूप. पुन्हा गेले, पुन्हा कुलूप. शटरचं मी चष्मेवाल्याच्या हातापाया पडून भागवत होते. त्याने एकदा विचारलं, "हे रोज कोण करायचं हो?" आणि मला एकदम दवाखान्यातली ती संध्याकाळ आठवली. यजमान बोलत नव्हते, कुजबुजत होते. "हिला शटर ओढवत नाही रे. तेवढं बघ." भाऊजींना माझ्यासमोर सांगितलं होतं. मी विसरले. ते विसरले नव्हते.

बाराव्या दिवशी भाऊजी आले. पायरीखाली, रस्त्यावरच उभे राहिले. मी पाणी टाकणं कधीच सोडलं होतं. पायरी खडखडीत कोरडी होती.

"बाई, एक अंगाचा साबण द्या."

सहा वर्षं दिवसातून दहादा "वहिनी" ऐकलेले कान माझे. "भाऊजी, असं काय करता? वर या ना. बसा."

"नको, बाई. कोणी बघितलं तर तुमच्या परवान्याचं व्हायचं काहीतरी." आवाजात टोमणा नव्हता. असता तर मी भांडले असते, रडले असते. त्यांना खरंच माझी काळजी होती. साबण घेऊन ते गेले.

आठ वाजता मी शटर ओढलं. अर्ध्यावर अडलं. चष्मेवाला लवकर बंद करून गेला होता. कोपऱ्यावर बघितलं, तर विजेच्या डब्यापाशी ते उभे होते. माझं दुकान बंद होईपर्यंत थांबलेले. शटर अडलेलं दिसलं तसे दोन पावलं पुढे आले आणि थबकले.

मग मात्र मी गल्लीभर ऐकू जाईल अशी ओरडले, "अहो भाऊजी! माझे सख्खे दीर तुम्ही! या ना!"

शिंपी बाहेर आला. रस्त्याने जाणारे थांबले. भाऊजींनी वळून मागे बघितलं, मी कोणाला बोलावतेय ते. मागे कोणीच नव्हतं. त्यांनी साबणाची पुडी या हातातून त्या हातात घेतली आणि मागच्या गल्लीकडे चालू लागले.

मी शटरचा डावा कोपरा खांद्यावर घेतला. तो हलला नाही.