सांबारातला फोन

वच्छलाबाईने आजवर दोन फोन संपवले होते. पहिला विहिरीत गेला, मोटरीचा पाइप वाकून बघताना. दुसरा मोठ्या काचेचा होता, त्याच्यावर म्हशीने पाय दिला. खरं सांगायचं तर म्हशीच्या आधीही तो बाईच्या काही कामाचा नव्हता. भाजीवालीचं बोट सदा ओलं, त्यात चिखल. ते लावलं की काच ढिम्म. पलीकडे लेक बोंबलतोय आणि इकडे ही फोन पदराला पुसतेय!

म्हणून तिसऱ्या वेळी जीवनने, म्हणजे तिच्या एकुलत्या एक पोराने, अमरावतीजवळच्या नांदगाव पेठच्या कापड कारखान्यातून सुट्टी काढून एक बटणाचा फोन आणून दिला. मुठीत मावेल एवढाच, पण अंगाने दणकट. चारी कोपऱ्यांना जाड रबर, बटणं बोराएवढी, पाण्यात पडला तरी चालणारा, एकदा चार्ज केला की आठवडा काढणारा. डोक्याला टॉर्च. आवाज असा की इथं वाजला तर शेजारच्या वावरातल्या बंडूची बैलं कान टवकारत. आणि रंग हिरवागार, भाजीवालीला शोभेलसा.

“दोनचं बटन दाबून धरलं का मले लागते,” जीवनने शिकवलं. “अन् माय, आता नीट आयक. मी सकाळी सातले अन् संध्याकाळी सातले फोन करीन. हा बी हरवला, नाहीतर उचलला नाहीस, तर मी पिकअप घेऊन येतो अन् तुले सामानासकट अमरावतीले नेतो. मंग वावराचं नाव काढाचं नाही.”

पोरगा वाईट नव्हता हो. बाप जाऊन तीन वर्षं झालेली, माय अकोल्याजवळच्या वावरात एकटी, रात्रीबेरात्री काही झालं तर? त्याच्या जिवाला घोर. पण वच्छलाबाई अमरावतीला त्याच्या तिसऱ्या मजल्यावर एकदा राहून आली होती. चार दिवसांत तिने गॅलरीतल्या कुंडीत मेथी पेरली आणि पाचव्या दिवशी एस.टी. धरली. तिथं न्यायचं म्हणजे तिला जिवंतपणी उपटण्यासारखंच होतं. ती घाबरायची ती एवढ्या एकाच गोष्टीला.

त्यामुळे फोन तिने जिवापाड जपला. म्हणजे, तिच्या पद्धतीने जपला. दोरी बांधून गळ्यात घातला. निंदताना त्याच्यावर रेडिओ लावला. वाफ्याचं पाणी बदलायला अलार्म लावला, पहाटे भाजी काढायला टॉर्च धरला आणि लसूण ठेचायला दगड सापडला नाही तेव्हा तोच हाणला. एकदा त्याच्यावरून बैलगाडीचं चाक गेलं. बाईने उचलला, फुंकर मारली, तर रेडिओ आपला चालूच. सहा महिने सातच्या ठोक्याला तिने प्रत्येक फोन उचलला.

मग लग्नसराई आली आणि सांबाराचा भाव वधारला. सांबार म्हणजे कोथिंबीर. पुण्याच्या पाहुण्याने आमच्याकडे सांबार मागितलं की हातात जुडी पडते, आणि त्याचं तोंड बघण्यासारखं होतं. त्या दिवशी बाई पहाटेपासून जुड्या बांधत होती. वाकलं की गळ्यातला फोन ओल्या पाल्यात लोंबकळायचा, म्हणून तिने तो काढून जुड्यांच्या ढिगावर ठेवला. भजनं संपली तसा रेडिओ बंद केला. तेवढ्यात रस्त्यावर ललितच्या मालऑटोचा हॉर्न वाजला. घाईघाईने जुड्या गोणपाटात भरल्या, वरून पाणी शिंपडलं, तोंड शिवलं, गोणी गेली अकोल्याच्या बाजारात. हिरव्यात हिरवा, दिसतोय कुठं!

सात वाजले आणि गळ्यात काही वाजलं नाही, तेव्हा बाईचा हात छातीशी गेला. दोरीच नाही.

“मेली व मी,” ती मोठ्याने म्हणाली.

तिने वाफे धुंडाळले, गोठा धुंडाळला, म्हशीलाही दोन शिव्या दिल्या. मग धावत बंडूकडे गेली. “बाबू, जीवनले फोन लाव!”

“नंबर सांग, काकू.”

नंबर! सहा महिने ती दोनचं बटण दाबत आली होती. पोराचा नंबर पाठ करायची कधी गरजच पडली नव्हती. स्वतःचाही येत नव्हता. पण बाजारातून रिकामी गोणी बरोब्बर परत यावी म्हणून आमच्याकडे गोणीवर नाव आणि फोन नंबर रंगवून ठेवतात. बाईने घरातली रिकामी गोणी ओढत आणली आणि निदान फोन कुठं वाजतो ते कळावं म्हणून बंडूने तिच्यावरून बाईचाच नंबर लावला.

चार रिंगा झाल्या, कोणीतरी उचलला तशी वच्छलाबाई ओरडली, “कोन हाय?” पलीकडून बाजाराचा कालवा आला आणि अकोल्याला वच्छलाबाईचा माल विकणाऱ्या पार्वताबाईचा आवाज. “अवं वच्छले, तुहा फोन सांबारात वाजून राहिला होता! सारी गोणी उपसली. मले वाटलं जित्राब घुसलं का काय.”

“जीवनचा फोन आलता का?”

“आलता ना. म्या सांगतलं, फोन अकोल्याले आला, तुही माय कुठी हाय मले ठावं नाही. थो म्हने निघालोच.”

“अवं, असं काहून सांगतलं!”

“मंग काय खोटं बोलू?”

झालं. पार्वताबाईला फोनमधून नंबर शोधता येईना, दोनचं दाबून धर म्हटलं तरी जमेना; हिरवं आणि लाल सोडून तिसरं बटण तिने कधी दाबलंच नव्हतं. वच्छलाबाई घरी आली, तिने चूल पेटवली. पोरगा उपाशी येणार, भाकरी तर लागणार. झुणका ढवळताना तिला रडू आलं, भरभरून आलं. मिरचीचा ठसका म्हणावं तर ऐकायलाही कोणी नव्हतं.

बारा वाजता पिकअप दारात आली. मागचा हौदा रिकामा, सामानासाठी. जीवन उतरला. आधी त्याने मायला डोक्यापासून पायापर्यंत पाहिलं. मग स्वतःच्या गळ्यातला हिरवा फोन काढून तिच्या गळ्यात घातला. वाटेत अकोल्याला थांबून घेऊन आला होता.

“जेव,” ती म्हणाली. “मंग भर सामान. मी काई बोलत नाही.”

तो ताटावर बसला. एक भाकरी संपवली.

“माय, अकोल्याहून इथवर येता येता तुह्या फोनवर नऊ फोन आले.”

“कोनाचे?”

“मेसवाल्या मंजुषाताईचा. आज सांबार असं चुरगयलेलं काहून, बाईची तब्येत बरी हाय ना म्हने. मंग कोनी प्रतीक्षा, तिच्या लेकराचं पोट दुखून राहिलं, ओवा किती द्याचा ते काकूलेच इचारतो म्हने. तुमचे देवळापाशी बसनारे खुशालराव तर दोनदा. सकायची वच्छला रस्त्यावर दिसली नाही, जाऊन पाहू का? मी एकाएकाले सांगत आलो, बरी हाय, बरी हाय. पार्वताबाईनं सांगतलं तेवढंच, म्या कुठं पाहिली होती तुले!”

“लोकाहीले काय काम नाही,” बाई पुटपुटली.

“मले वाटे हा फोन म्या माह्यासाठी घेतला, थो तं साऱ्या गावाचा निघाला.” जीवनने खिशातून स्वतःचा मोठा फोन काढून ताटाशेजारी ठेवला. “सकायपासून माह्यावर एकबी फोन नाही. कामावर गेलो नाही, तरी कुठी हायस म्हनून कोनी इचारलं नाही. अन् मी तुले तिथं नेऊन राहिलो होतो. एकटी राहू नये म्हनून!”

पोराची वच्छलाबाईला कधी नव्हे एवढी माया आली. तिने दुसरी भाकरी त्याच्या ताटात टाकली, झुणका वाढला आणि त्याच्या पाठीवर पिठाचा हात ठेवला.

तेवढ्यात तिच्या गळ्यात फोन कडाडला. बाहेर बंडूची बैलं हलली. तिचा एक हात पिठाचा, दुसऱ्यात झुणक्याची कढई. जीवनने पुढं वाकून डाव्या हाताने हिरवं बटण दाबलं.

“वच्छलाबाई हायत का घरी?” कोणा बाईचा आवाज खोलीभर घुमला. “पोरगा न्यायले आला म्हनते. गेल्या का?”

“हायत,” जीवन घास गिळत म्हणाला. “इथंच हायत. त्या कुठी नाही जाऊन राहिल्या.”