वाहती ठेवलेली विहीर

दिपालीने तापमापक पाइपातून काढला, ओढणीने पुसला आणि पुन्हा आत घातला. काटा अडुसष्टच्या पुढे सरकेना.

"किती?" सिद्रामप्पांनी विचारलं.

"अडुसष्ट. कालच्याएवढंच."

हवे होते निदान ऐंशी. निलंग्याच्या पुढच्या या माळावर अठरा वर्षांपूर्वी एका कंपनीने गॅससाठी तीन किलोमीटर खोल विहीर पाडली होती. गॅस लागला नाही, वर आलं ते कढत पाणी. कंपनी निघून गेली आणि राखणीचे सिद्रामप्पा मागे राहिले. 'गॅसवाले अप्पा' म्हणून गावाने त्यांना पोटभर हसून घेतलं.

आता विष्णुपुरीच्या इंजिनिअरिंग कॉलेजात शिकलेली ही पोरगी त्याच पाण्यावर वीज करायला आली होती. पाण्याच्या उष्णतेने लवकर वाफ होणारा दुसरा एक द्रव उकळवायचा, त्याच्या वाफेवर चक्र फिरवायचं. महिनाभर ती एकटी यंत्राशी झटत होती. दोनदा हात पोळला, पण पट्टी बांधून ती पुन्हा कामाला. अप्पांना तिचं भारी कौतुक. गुरुवारी सरकारी साहेब बघायला येणार होते. चक्र फिरलं नाही, तर विहिरीत सिमेंट ओतून ती कायमची बुजवायची, असं ठरलं होतं.

दिपालीने वही पुढे केली.

"हे बघा अप्पा. संध्याकाळपर्यंत पंचाहत्तरवर जातं, सकाळी पुन्हा अडुसष्ट. पाणी सारखं वाहत राहिलं की पाइप तापतो, बाजूचा खडक तापतो. आकडा चढतच जायला पाहिजे. उतरतोय म्हणजे खाली उष्णताच कमी असेल. माझाच अंदाज चुकला."

अप्पांनी टोपी काढली, तिची घडी केली, पुन्हा उलगडली.

"म्याडम, जमिनीला बोल लावू नका. तुमी एसटीला गेलात की म्या कॉक बंद करतो. रोज. तुमी यायच्या आदी उघडतो."

"चालू ठेवा म्हटलं होतं ना मी?"

"म्हनला होतात. पर पानी उगंच ओढ्याला चाललेलं बघवत न्हाई हो. लातूरला रेल्वेनं पानी आलं, तवा लेकीच्या घरी म्या घागर घिऊन रांगेत हुतो."

दिपालीच्या ओठांवर काहीतरी कडक आलं होतं. ते तिने गिळलं.

"मुखेडला माझी आई अजून तांदूळ धुतलेलं पाणी फेकत नाही," ती म्हणाली. "पण तीन दिवस कळ काढा, अप्पा. माझ्यासाठी."

तीन दिवस अप्पा कॉकजवळ फिरकले नाहीत. खोरं घेऊन त्यांनी ओढ्याकडे जाणारा पाट माळावरच्या जुन्या दगडखाणीकडे वळवला. सत्तरीचा माणूस, पण थांबेल तर शपथ. खाणीत पाणी साठू लागलं, तसा त्यांचा जीव जरा भांड्यात पडला. इकडे आकडा चढत होता. गुरुवारी सकाळी काटा त्र्याऐंशीवर गेला.

साहेबांसमोर चक्र घरघरलं आणि खांबावरचा दिवा भर उन्हात लागला. बघायला जमलेल्या, अप्पांना हसणाऱ्या गावकऱ्यांनीच टाळ्या वाजवल्या. "विहीर बुजवायची नाही," एवढं सांगून साहेब गाडीत बसले. गर्दी पांगली.

दिवा जळत होता. अप्पांचा हात बटणाकडे गेला आणि अर्ध्यावरूनच मागे आला. दिपालीने ते पाहिलं.

"दिवसा उगीच जळतोय, अप्पा. करा बंद."

अप्पांनी पुढे होऊन बटण दाबलं. विझलेल्या दिव्याकडे ते थोडा वेळ बघत राहिले. मग त्यांनी तो पुन्हा लावला.

"जळू द्या की," ते म्हणाले. "आजच्या दिस."