प्रतिवादी क्रमांक तीन

सीताराम तांब्यांच्या खिडकीसमोर भलेभले वकील चपापायचे. खाडीपलीकडच्या नव्या शहरात कोर्ट उघडलं तेव्हापासून दावे दाखल करून घ्यायच्या खिडकीत तांबेच. कागद वाचायचे, चूक दिसली की हरकत लिहून तोंडावर परत! सिडकोनं घेतलेल्या जमिनीच्या मोबदल्यावरून भाऊ-भाऊ भांडत यायचे आणि दाव्यात बहिणीचं नाव खुशाल गाळायचे. मग तांबे जे भडकायचे! "बहीण मेली काय? तिचा हिस्सा जाणार, मग तिला प्रतिवादी कोण करणार, मी?" सगळ्या व्हरांड्याला ऐकू जायचं.

आणि हाच माणूस स्वतः कोर्टात गेला तेव्हा काय करून बसला, ऐका.

पंच्याऐंशी साली अधीक्षकाची जागा रिकामी झाली. ज्येष्ठतेच्या यादीत तांबे पहिले आणि निवृत्ती दोन वर्षांवर आलेली. महाडजवळच्या बौद्धवाडीतून निघालेल्या या माणसाला त्या खुर्चीवरून घरी जायचं होतं, एवढंच मागणं. पण जिल्ह्याच्या मोठ्या साहेबांनी, म्हणजे जिल्हा न्यायाधीशांनी, जाहीर केलं, या वेळी ज्येष्ठता नाही, गुणवत्ता. परीक्षा झाली, मुलाखत झाली, गोपनीय शेरे पाहिले गेले आणि खुर्ची मिळाली सफिया मुकादमला. सफिया उरणकडची, नोकरीत तांब्यांच्या कितीतरी मागची. तिला खिडकीचं काम शिकवलं कोणी? अहो, तांब्यांनीच!

"मेरिट म्हणे," शेजारच्या टेबलावरचा वामन कारकून चहा ढवळत म्हणाला. "भाऊ, आपल्या मानसाचा नंबर लागला की मगच कसं यांना मेरिट आठवतं वो?"

तांब्यांना ते झोंबलं. वर्षानुवर्षं त्यांच्या शेऱ्यात 'चांगला' लिहिलेलं, 'उत्कृष्ट' एकदाही नाही, आणि का नाही ते कोणी कधी सांगितलेलं नाही. त्यांचा संताप काही खोटा नव्हता. त्यांनी सरळ हायकोर्टात याचिका घातली. प्रतिवादी क्रमांक एक सरकार, क्रमांक दोन जिल्ह्याचे साहेब, आणि तिथेच पूर्णविराम!

"सफियाबाईंचं नाव?" त्यांचा तरणा वकील दिलीप चक्रावला. "नेमणूक त्यांची रद्द करा म्हणतोय आपण."

"माझं भांडण साहेबांशी आहे. त्या पोरीला कशाला कोर्टाची पायरी चढायला लावायची?" तांबे म्हणाले.

दिलीपनं निमूट तसाच मसुदा टाइपाला दिला. समोर साक्षात तांबे बसलेले.

पुढे तर गंमतच झाली. याचिकेची बातमी लागताच साहेबांची धावपळ सुरू झाली. स्वतःच्याच कारकुनानं हायकोर्टात खेचलं म्हणजे नाचक्की, शिवाय ते शेरे उघडावे लागणार. सरकारी वकिलानं दिलीपच्या कानावर घातलं, की पहिल्याच तारखेला आम्ही नेमणूक मागे घेतो, तांब्यांना खुर्ची देतो, तुम्ही याचिका गुंडाळा. दिलीप उड्या मारत सांगायला आला. तांबे घरी येताना पेढे घेऊन आले. दुर्गाबाईंनी बुद्धाच्या तसबिरीपुढे पेढा ठेवला आणि नवऱ्याला म्हणाल्या, "अवो, आता तरी हसा जरा!"

त्याच रविवारी दुपारी सफिया दारात उभी.

ती बसली नाही, पाण्यालाही हात लावला नाही. म्हणाली, "तांबेभाऊ, तुम्ही याचिका केलीत त्याचा मला राग नाही. तुमच्या जागी मी असते तर मीही केली असती. पण माझं नाव का नाही घातलंत?"

"अगं, तुला त्रास नको म्हणून. माझा तुझ्यावर राग नाही, सफिया."

"राग असता तर बरं झालं असतं!" तिचा आवाज चढला. "परीक्षा मी दिली. चार महिने ती खुर्ची मी सांभाळली, मागची सगळी तुंबलेली कामं उपसली. आणि ती काढून घेताना मला कोणी विचारायचंसुद्धा नाही? साहेब माझ्यासाठी थोडेच भांडणारेत! उद्या ऑर्डर निघाली की शिपाई येऊन सांगेल, बाई, उठा. खिडकीवर कोणी असा दावा आणला असता तर तुम्ही काय केलं असतं हो?"

बिचारीला तडजोडीचा पत्ताही नव्हता. आत डब्यात पेढे होते आणि ही बाई दारात उभी राहून लढायची परवानगी मागत होती. आपण हिच्यावर दया करतोय, असं ते इतके दिवस स्वतःला सांगत आले होते. आता त्यांना स्वच्छ दिसलं, की त्यांना भीती होती. हिला बोलू दिलं तर हिचं म्हणणं खरं ठरेल याची भीती. त्यांना स्वतःची भयंकर लाज वाटली.

सफिया गेल्यावर दुर्गाबाई बाहेर आल्या. त्यांनी सगळं ऐकलं होतं.

"नाव घातलं तर?" त्यांनी विचारलं.

"तर ती उत्तर देणार. मग साहेबांना तडजोड करता येणार नाही. केस लांबणार. माझ्या निवृत्तीपर्यंत निकाल लागेलसं नाही."

"म्हनजे खुर्ची गेली."

"जवळजवळ."

दुर्गाबाईंचे डोळे भरून आले. "आयुष्यभर दुसऱ्याच्या सह्या घेत फिरलात. एकदा तुमची सही बगायची होती मला," एवढं बोलून त्या आत गेल्या. नाव घाला म्हणाल्या नाहीत, नकोही म्हणाल्या नाहीत.

सोमवारी तांबे दिलीपच्या ऑफिसात गेले. दिलीपनं हात जोडले, डोकं धरलं, शेवटी चिडून म्हणाला, "भाऊ, हातातोंडाशी आलेला घास तुम्ही स्वतः टाकताय!" तांबे ऐकतील तर शपथ. त्यांनी याचिकेत स्वतःच्या हातानं लिहिलं, प्रतिवादी क्रमांक तीन, सफिया हसन मुकादम.

झालं! तांब्यांनी म्हटल्याप्रमाणे सगळं फिसकटलं. सफियानं वकील दिला, तिखट उत्तर दाखल केलं. हायकोर्टानं याचिका दाखल करून घेतली आणि ती जी कपाटात जाऊन बसली ती बसलीच. दोन वर्षं तांबे आपल्या खिडकीतून दावे अधीक्षक मुकादमबाईंकडे सहीला पाठवत राहिले. दोघं कामापुरतं बोलत. वामन तर तांब्यांशी तेवढंही बोलेना. त्याच्या मते हातची खुर्ची सोडून तांब्यांनी मागून येणाऱ्या आपल्या सगळ्याच माणसांचं वाटोळं केलं होतं, आणि त्याचं अगदीच चुकत होतं असं नाही.

सत्त्याऐंशीच्या मे महिन्यात तांबे वरिष्ठ लिपिक म्हणूनच निवृत्त झाले. निरोप द्यायचा अधीक्षकानं, ही कोर्टाची रीत. म्हणजे बघा, जिच्यावर केस चालू, तिच्याच हातून शाल आणि नारळ! सफियानं भाषण केलं नाही. शाल घातली, दुर्गाबाईंच्या हातात साडी ठेवली आणि माणसं पांगल्यावर तांब्यांपाशी येऊन बसली.

"परवा मोठे साहेब बदलून गेले. जाताना मला सांगितलं त्यांनी," ती हळूच म्हणाली. "मी तुमच्या घरी आले तेव्हा तडजोड ठरलेली होती. खुर्ची तुमचीच होती."

"हो."

"तुम्हाला ठाऊक होतं?"

"पेढे आणले होते," तांबे म्हणाले.

सफियाच्या डोळ्यांना धार लागली. पदरानं तोंड पुसून ती म्हणाली, "खोटं नाही बोलत, भाऊ. तुमच्या जागी मी असते ना, तर नसतं घातलं नाव."

"मलाही नव्हतंच घालायचं गं," तांबे म्हणाले. "तू दारात आलीस."