दांड्यावरचे दोन डोळे

या, अशा जवळ सरकून बसा. बुवा अजून अब्रात, म्हणजे इथल्या होडीत, बसून दुबईची खाडी ओलांडताहेत, कीर्तनाला अवकाश आहे. तोवर देवापुढच्या या कुंडीची गोष्ट सांगते. फूल कुंडीतच का ठेवलंय, खुडून का वाहिलं नाही, तेही कळेल.

अठ्ठ्याण्णव सालची गोष्ट. आपली वासंती आणि वसईची जीन इथे समोरासमोर राहायच्या. जीन सुट्टीवर गावी निघाली तेव्हा तिनं फ्लॅटची किल्ली वासंतीकडे दिली आणि आपलं ऑर्किड सांभाळायला सांगितलं. जीनचा नवरा हॉटेलात कामाला. फुलं सरली म्हणून तिथे टाकून दिलेलं झाड त्यानं उचलून आणलं होतं आणि जीननं ते पुन्हा फुलवलं होतं.

वासंती रोज अंघोळ झाली की त्याला पाणी घालायची. पिंडीवर घालतो तसं, गडूनं, वरून. पानांच्या बेचक्यात पाणी साचलं, एसीत ते वाळेना, आणि मधला कोंब कुजला. हात लावला तर पानच सुटून आलं.

"मम्मी, इट्स अ प्लांट, नॉट अ गॉड," तिची लेक मिहिका म्हणाली.

झाडाचं वाईट वाटलंच, पण वासंतीला घोर लागला तो किल्लीचा. जीन पुन्हा कधी काही आपल्या हवाली करेल का? तरी तिनं वसईला फोन लावला आणि सगळं सांगून टाकलं.

जीन म्हणाली, "फुलाचा दांडा हिरवा आहे?"

"आहे गं."

"मग खलास नाही झालं. फ्रीजच्या दारात छोटी डबी आहे, हार्मोनच्या पेस्टची. दांड्यावर डोळे दिसतील. एका डोळ्यावरचं साल सुईनं सोल, मोहरीएवढी पेस्ट लाव, तिथून नवं रोप फुटेल. एकाच, हां! आणि वरून पाणी घातलंस तर विमानात बसून मारायला येईन."

वासंतीनं एका डोळ्याला पेस्ट लावली. पण हळदीकुंकवाला दोघी आल्या तर एकीलाच कुंकू लावून दुसरीला कसं धाडायचं? तिनं दुसऱ्या डोळ्यालाही लावली.

दोन्ही डोळे फुटले. जीन परतली तेव्हा दांड्यावर नखाएवढ्या पानांची दोन पिल्लं होती. वासंती हरखून दाखवत होती. जीननं नीट पाहिलं आणि एक पिल्लू खुडून टाकलं.

"अगं!"

"आईच कुजलीय, वासंती. दोघांना पाजायला तिच्यात काय उरलंय?"

वासंतीनं किल्ली ओट्यावर ठेवली आणि घरी आली. त्या दिवशी ती जेवली नाही.

उरलेल्या पिल्लाला मुळं फुटली, तसं जीननं ते कापून वेगळ्या कुंडीत लावलं. मोठं झाड मग वाळून गेलं.

पुढे जीन कायमची वसईला निघाली. जायच्या दिवशी कुंडी घेऊन वासंतीच्या दारात उभी.

"माझ्याकडे?" वासंती म्हणाली.

"मग कुणाकडे? धर. फक्त वरून नको."

त्याच कुंडीला आज, तीन वर्षांनी, पहिल्यांदा फूल आलंय. वासंती ते खुडू देत नाही. एकदा खुडलेलं तिनं पाहिलंय. बुवा तीर्थ शिंपडायला लागले की कुंडीवर कुणीतरी हात धरा. आणि आरतीला हात जोडाल तेव्हा वसईच्या जीनची आठवण असू द्या.