दुरुस्तीची मोडतोड

माझा मामा लोकांची म्हातारी हत्यारं तरुण करतो. गंजलेली पटाशी, दात पडलेली करवत, दांडा सुटलेला हातोडा, काहीही आणा. ज्यात जीवच उरलेला नसतो त्याला तो पुढचा जन्म देतो. झिजलेल्या कानशीची सुरी होते, तुटक्या करवतीच्या पात्याची भेगांत लांबी भरायची पट्टी होते. एकदा त्याने एका फावड्याचा दाराचा अडसर केला. फावडं असताना ते इतकं कष्टाळू नव्हतं, असं गिऱ्हाईक सांगत होतं.

त्याची स्वतःची हत्यारं मात्र बघवत नसत. पेचकस कोपरात मोडल्यासारखा वाकडा. हातोड्याला अर्धाच दांडा. पटाशीच्या धारेला उंदराने चावा घेतल्यासारखी खाच. आणि काटकोन तपासायचा लोखंडी गुण्या, ज्याच्या भरवशावर सगळं सुतारकाम चालतं, त्याची काटकोनाशी नुसती तोंडओळख होती.

वर्षभर मी त्याच्याकडे गंज घासत होते. गिऱ्हाइकाच्या हत्याराला धार लावायची परवानगी नव्हती. इकडे बाबांनी एका ऑफिसात माझ्यासाठी खुर्ची बघून ठेवली होती. तिथे फायलींवर नंबर घालायचे होते, म्हातारपण येईपर्यंत. मामा आठ दिवसांसाठी मुलीकडे निघाला तेव्हा बॅग उचलता उचलता म्हणाला, "आलो की ठरवतो. हात चालत असेल तर माझ्या बाकावर बस, नाहीतर बापाने बघितलेल्या खुर्चीत बस."

म्हणून मी ठरवलं, मामाला थक्क करायचं. चार दिवस मान वर केली नाही. पेचकस तापवून, ठोकून सुतासारखा सरळ केला. हातोड्याला नवा लांब दांडा बसवला, जवसाचं तेल पाजलं. पटाशी खाच जाईपर्यंत घासली. तिच्यात आता स्वतःचं तोंड बघून टिकली लावता आली असती. गुण्याचा कोन मिटलेला होता. आतल्या कोपऱ्यापाशी पंच ठेवून हलके ठोके मारले की धातू पसरतो आणि कोन उघडतो. अकरा ठोक्यांत तो सज्जन झाला.

पाचव्या दिवशी मामी चहा घेऊन आली. बाकावरची चकचकीत रांग तिने पाहिली आणि कप घेऊन तशीच मागे वळली.

"मामी, चहा?"

"तुला आता चहाला वेळ कुठे आहे? आज पकडून तीनच दिवस उरलेत."

"कशाला?"

"हे सगळं परत मोडायला." ती स्टुलावर बसली आणि चहा स्वतःच प्यायली. "अगं बये, पेचकस त्याने मुद्दाम वाकवलाय. माझ्या शिलाई मशीनच्या मागचा स्क्रू सरळ पेचकसाने निघत नाही. दांडा मुद्दाम कापलाय, जिन्याखाली हातोडा उगारला की तुळईला आपटायचा. ती खाच वायर सोलायला."

"हे तुला कोणी सांगितलं?"

"त्यानेच. वीस वर्षं सांगतोय. रोज जेवताना."

माझ्या डोळ्यांसमोर फायली दिसायला लागल्या. एक, दोन, तीन, चार.

"आणि गुण्या? तो कशासाठी वाकडा?"

"गुण्याचं काही कारण नाही. तो सरळच आहे असं त्याचं म्हणणं. त्याने केलेलं घरातलं एकही दार धड लागत नाही, ते म्हणे जमीन कललेली आहे म्हणून." मामीने गुण्या उचलून एक डोळा मिटला. "आता हा खरंच सरळ आहे?"

"केसाचाही फरक नाही."

"मग याला नुसता वरून मळव. आतून राहू दे. बघू, जमीन सुधारते का."

मोडणं सोपं असतं असं ज्यांना वाटतं त्यांनी कधी ठरवून मोडलेलं नसतं. दुरुस्तीला एक तरी दिशा असते. इथे मामी आठवून आठवून सांगत होती, "अजून वाकव. इतका नाही गं. मी माहेरचं नाव काढलं की त्याची मान वळते ना, तेवढाच." पटाशीला खाच पाडायला मी पाच खिळ्यांचा बळी दिला. नवा दांडा कापला, चहाच्या चोथ्यात मुरवला, मग मामीने तो दोन दिवस भांडी घासलेल्या हातांनी चोळला. शेवटच्या संध्याकाळी रांग इतकी भिकार दिसत होती की मला स्वतःचा अभिमान वाटला.

मामा सकाळी आला. चप्पल काढायच्या आधी दुकानात शिरला, हत्यारं एकेक उचलून पाहिली आणि खाली बसला. इतका पडलेला चेहरा मी त्याच्या गिऱ्हाइकांचाही पाहिला नव्हता.

"आठ दिवस होतीस इथे," तो म्हणाला. "एकदाही वाटलं नाही, मामाची हत्यारं नीट करावीत?"

मी मामीकडे पाहिलं. मामीने छताकडे.

"पण ती तर तू मुद्दाम..."

"मुद्दाम कोण वाकवतो पेचकस? रंगाचा डबा उघडताना वाकला. दांडा चिरला. पटाशी खिळ्यावर बसली. जगाची हत्यारं दुरुस्त करणाऱ्याने आपली मोडली असं सांगायचं कुणाला? म्हटलं, पोरीच्या हातांना खाज असेल तर माझ्या पाठीमागे करेल. म्हणून तर गेलो. नाहीतर जावई काय मला बोलवत होता?"

"म्हणजे वीस वर्षं मी थापा ऐकत जेवले?" मामी म्हणाली.

"मामा, मी केली होती," मी म्हणाले. "सगळी. मग परत मोडली."

"हो, तिने केली होती. मीच मोडायला लावली."

"तुम्ही दोघी एकाच माळेचे मणी. पुरावा काय?"

"गुण्या."

"गुण्याला काय झालंय? तो सरळच आहे."

"आता आहे."

मामाने गुण्या झटक्यात उचलून बाकाच्या कोपऱ्याला लावला. बाक त्याने स्वतः केलेला. मधून उजेड दिसला. "बिघडवलास!" तो ओरडला. मी त्याच्यापुढे कडा तासलेली सरळ फळी आणि पेन्सिल ठेवली. गुण्या फळीच्या कडेला टेकवून त्याने एक रेघ मारली, मग गुण्या पालथा करून त्याच जागी दुसरी. गुण्या खोटा असेल तर दोन रेघा फाकतात. इथे एकच रेघ होती, जरा ठसठशीत.

मामाने ती बोटाने पुसून पाहिली. मग गुण्या घेऊन आत गेला. आधी स्वयंपाकघराचं दार, मग कपाटं, मग न्हाणीघर. दर थोड्या वेळाने आतून "अरे!" ऐकू यायचं, प्रत्येक वेळी आधीपेक्षा हळू. मामी मागून फिरत होती आणि विचारत होती, "जमीन कशी आहे?"

तासाभराने तो बाहेर आला. कोपऱ्यात एका गिऱ्हाइकाचा बोथट रंधा आठ दिवस पडून होता. त्याने तो माझ्यापुढे सरकवला आणि स्वतः बाकापासून बाजूला झाला.

"बस इथे. पातं काढ, धार लाव. उद्यापासून गिऱ्हाइकांचं तूच बघ."

"आणि तू काय करणार?"

"मला दारं करायची आहेत," मामा म्हणाला. "अकरा."

"बारा," मामी म्हणाली. "माळ्याचं राहिलं."