आवाज बसला की माघारी

मित्रांनो, मला उचलायला दोन हात आणि धड कंबर लागते. मी एक जुनी बॅटरी आहे, शिशाची आणि ॲसिडची. एका मोठ्या तलावाच्या काठी, जाळी ठेवायच्या खोलीत, दाराआड माझी जागा आहे. गोष्ट सांगण्याइतकी मी शहाणी आहे की नाही, कोण जाणे. पण आज सांगितल्यावाचून राहवत नाही, कारण मला उद्याची भीती वाटते.

कारखान्यात माझ्या काळ्या डब्यात शिशाच्या प्लेटा बसवल्या, ॲसिड ओतलं, वर बुचं लावली आणि मला इथे पाठवलं. या तलावाचं पाणी पिण्याचं, म्हणून तेलाच्या इंजिनाला बंदी. होडीच्या कडेला विजेची छोटी मोटर लावायची आणि तिला ताकद मी द्यायची. माझा मालक पहाटे मला लेकरासारखं उचलून होडीत ठेवी. परतल्यावर चार्जरला लावी, बुचं उघडून बॅटरीचं पाणी घाली. आत बुडबुडे उठू लागले की कान देऊन ऐके आणि मालकिणीला म्हणे, "जेवतेय बघ." माझ्या ॲसिडने त्याच्या बहुतेक पँटींना भोकं पाडली होती. त्यावरून मालकीण मला सवत म्हणायची.

माझ्यात एक गुण होता. माझी ताकद हळूहळू सरायची. ती सरू लागली की मोटरचा आवाज बसायचा, गाणाऱ्याचा गळा बसावा तसा. मालक जाळ्यावरची नजरही न काढता ते ओळखायचा आणि होडी वळवायचा. उरलेल्या ताकदीत घर गाठता यायचं. तलावाच्या खालच्या टोकाला, जादा पाणी खाली सोडणारा सांडवा आहे. तलाव भरला की पाणी तिकडे ओढ घेतं, आणि मासेही तिकडेच जमतात. त्या ओढीत माझा बसलेला आवाज हाच त्याचा राखणदार होता.

मग त्याच्या कंबरेत उसण भरली, ती जाईना. मालकिणीचा भाऊ नवी बॅटरी घेऊन आला, लिथियमची. भाजीची पिशवी धरावी तशी एका हातात धरून.

"भाऊजी, ही म्हैस उतरवा आता," तो म्हणाला, "नाहीतर माझी बहीण जन्मभर तुमची कंबर शेकत बसेल. हिला ना पाणी लागतं, ना हिचा रुसवा काढावा लागतो."

मालक खूप दिवसांनी हसला. मला ओढत दाराआड सरकवलं गेलं. नवीच्या अंगावर आकडे दाखवणारी लहानशी काच होती. ताकद किती उरली ते तिथे बघत जा, असं भाऊ बजावून गेला. मालकाने मान डोलावली आणि पाणी उडून खराब होऊ नये म्हणून त्या काचेवरच जुन्या ट्यूबचं रबर घट्ट बांधलं. वस्तू जपायची, एवढंच त्या बिचाऱ्याला ठाऊक.

नवी खरंच गुणी होती. सकाळी जो जोर, तोच दुपारी. मालक रोज थोडा आणखी खाली जाऊ लागला. दाराआडून मला मोटरची गुणगुण ऐकू यायची. ती लांब लांब जायची, पण बसायची नाही. मला पाणी घालायचं मात्र सगळे विसरले. न वापरता, न भरता माझ्या प्लेटांवर पांढरा थर चढत गेला.

"हिचा आवाज बसतच नाही," मालक एकदा कौतुकाने म्हणाला.

जाळं सांधणारी मालकीण थांबली. "मग माघारी कधी फिरायचं, हे तुम्हाला कोण सांगणार?"

त्याने ते हसण्यावारी नेलं. मला ओरडावंसं वाटलं.

एक दिवस संध्याकाळची वेळ होती. तलाव काठोकाठ भरला होता आणि सांडव्याची गाज खोलीपर्यंत येत होती. तिच्याआड मोटरची गुणगुण, लांब, एकसारखी. आणि ती तुटली. बसली नाही, तुटली, कात्रीने दोरा कापावा तशी. मालकिणीने हातातली सुई टाकली आणि ती शेजाऱ्याकडे धावली. दोघांनी त्याच्या होडीला वल्ही मारली.

सांडव्याच्या अलीकडे साखळीने बांधलेली पिंपं तरंगतात. मालक त्या साखळीला लटकलेला सापडला. होडी नव्या बॅटरीसकट सांडव्यावरून खाली गेली होती. त्याच्या तळहातांची सालं निघाली होती. मालकिणीचा भाऊ आला तेव्हा मालक त्याला एवढंच म्हणाला, "मी कान लावून बसलो होतो रे. ती काही बोललीच नाही."

मित्रांनो, नवीला दोष देऊ नका. ती आकड्यांत सांगत होती, रबराखालून.

आज मालकाने मला पुन्हा पुढे ओढलं. सोललेल्या हातांनी बुचं उघडली, पाणी घातलं, चार्जरला लावलं. बुडबुडे उठले तसे त्याचे डोळे भरून आले. चार्जरचा हिरवा दिवा लवकरच लागला. शेजाऱ्याची होडी आणि एक जुनी मोटर त्याने उद्यासाठी मागून घेतली आहे.

मालकीण म्हणाली, "आधी काठाला तासभर चालवून तरी बघा."

"हिची परीक्षा कसली घ्यायची? ही मला सांगते."

दिवा लवकर लागला, कारण माझ्यात आता फार मावतच नाही. त्या पांढऱ्या थराने माझं पोट लहान केलं आहे. आता माझा आवाज बसेल, तेव्हा घर गाठण्याइतकं काही उरलेलं नसेल. हे त्याला कसं सांगू? मित्रांनो, नवी वस्तू आणलीत तर तिची बोली शिकून घ्या. जुनी बाजूला ठेवलीत तर तिला उपाशी ठेवू नका, आणि ठेवलीच असेल तर तिच्या भरवशावर खोल पाण्यात जाऊ नका. उद्या पहाटे तुमच्यापैकी कुणी या काठावर असाल, तर त्याला हाक मारून थांबवा. सांडव्यापर्यंत जायला मी पुरेन. यायला पुरणार नाही.