घरची ओळ

सुरभीला सातवा महिना लागला होता आणि तिला नदीवर बसून रोडगे खायचे होते. म्हणून रविवारी सगळे धाम नदीच्या काठी आले: तिचे वडील रूपराव, आई आनंदाबाई, भाऊ धनंजय आणि अंकुश, धनंजयची बायको मोनाली आणि त्यांची लहानगी खुशी. पवनारच्या वरच्या अंगाला, जिथे पात्र खडकाळ होतं, तिथे रूपरावांनी गोवऱ्या पेटवल्या. रोडगे भाजणं त्यांचं काम. कणकेचे गोळे निखाऱ्यात सरकवताना ते कोणाला मध्ये येऊ देत नसत.

“बाबा, जाळसान,” सुरभी म्हणाली.

“तुह्या सासरी गॅसवर भाजत असन. इथं चूप बस.”

सुरभी हसली. दगडाला पाठ टेकून तिनेच वांगी चिरली, भाजी फोडणीला टाकली. मोनाली तोवर खुशीला पाण्यातून बाहेर काढत होती. ती परत आली तेव्हा विस्तवावरच्या गंजात, त्या उभ्या पातेल्यात, भाजी रटरटत होती. तिने सुरभीच्या हातातून पळी घेतली.

“वहिनी, औंदा वांगे मस्त आहेत,” सुरभी म्हणाली. “टोपलंभर चिरले, एक किडकं नाई निघालं.”

मोनालीचा हात थांबला.

विहिरीजवळची वांग्याची एक ओळ घरासाठी होती. तिच्यावर फवारणी होत नसे. तिच्यातली निम्मी वांगी किडकी निघत. आनंदाबाई कीड काढून टाकत आणि उरलेलं रांधत. बाकी वावर बाजारासाठी. गावात भाजीपाला करणाऱ्या बहुतेकांकडे अशी एक ओळ होती आणि तिच्याबद्दल कोणी काही बोलत नसे.

“भाऊजी,” तिने अंकुशला विचारलं, “वांगे कुठले तोडले?”

“खालच्या तुकड्यातले. विहिरीजवळचे अर्धे अळीनं खाल्ले. ताई आली, म्हटलं चांगले नेऊ.”

“खाली काल फवारलं ना मी,” धनंजय म्हणाला.

“मले का माहीत? नेहमी आई तोडते.”

“मी कणीक भिजवून राह्यली होती,” आनंदाबाई म्हणाल्या.

रूपरावांनी एक रोडगा उलटला. “धुतले ना?”

“धुतले,” अंकुश म्हणाला.

“मंग झालं. शिजल्यावर काय राह्यते त्यात?”

मोनाली रसायनशास्त्रात एमएस्सी झालेली होती. घरात ती ते सहसा बोलण्यात आणत नसे. ती सासऱ्यांना म्हणाली, “मामाजी, काही जाते, काही राह्यते. किती, ते मले इथं बसून नाई सांगता येणार. फवारल्यावर किती दिवस थांबायचं ते डब्यावर लिहून असते. आपल्याले एकच दिवस झाला. सुरभीनं नको खायले.”

“मी मीठ पाह्यलं,” सुरभी म्हणाली. “तळहातावर घेऊन.”

आनंदाबाईंनी लगेच पाण्याचा तांब्या तिच्यापुढे धरला. तिने चूळ भरली, परत भरली.

“एवढ्यानं काही होत नाई,” मोनाली म्हणाली. होण्याची शक्यता कमी आहे, एवढंच तिला ठाऊक होतं. ती तसं म्हणाली नाही.

सुरभीने पदराने तोंड पुसलं. “दादा, देवळीच्या बाजारात आपलेच वांगे येते ना?”

“येते.”

“सासूबाई तिथूनच आणते. मीच सांगतो तिले, आमच्या गावचे घ्या, चमकदार राह्यते.” ती थोडी थांबली. “फवारल्यावर किती दिवसांनी येते ते?”

धनंजयने वडिलांकडे पाहिलं. तोडणी एक दिवसाआड होती आणि फवारणी दर आठवड्याला. थांबायला मध्ये जागाच नव्हती. हे सुरभीलाही माहीत होतं. लग्नाआधी तीही तोडणीला जायची. फक्त तेव्हा ती घरच्या ओळीतलं खात होती.

“साऱ्यांचंच तसं आहे,” रूपराव म्हणाले. “आपण एकटेच थोडी करतो.”

“मी तेच खाऊन राह्यली ना, बाबा.”

रूपराव उठले. त्यांनी ताटात रोडगा कुस्करला, त्यावर पळीभर भाजी घेतली. “बाजार भरून लोकं खाते. कोणी मेलं का? हे पाहा, मी खातो.”

कोणी काही बोलायच्या आत खुशी आपली ताटली घेऊन त्यांच्याजवळ येऊन बसली. “आबाजी, मले बी.”

“तुले नाई.”

“काऊन? तुम्ही तं खाऊन राह्यले.”

घास त्यांच्या हातातच होता. त्यांनी तो ताटात ठेवला. मग गंज उचलून ते नदीपासून बरेच लांब गेले, काठीने खड्डा केला, भाजी त्यात ओतली आणि वरून पायाने माती लोटली. नदीपासून लांब जा, असं त्यांना कोणी सांगितलं नव्हतं.

सगळ्यांनी सोबत आणलेल्या वरणाशी रोडगे खाल्ले. एक जळला होता. तो रूपरावांनी स्वतःच्या ताटात घेतला.

संध्याकाळी घरी आले तेव्हा अंगणात पोती भरून ठेवलेली होती. खालच्याच तुकड्यातला माल, बायांनी सकाळी तोडलेला. पहाटे टेम्पो येणार होता.

“बाबा, याचं काय करू?” धनंजयने विचारलं.

रूपराव पोत्यांजवळ उभे राहिले. सुरभी दाराशी खाटेवर टेकली होती. मोनाली खुशीचे ओले कपडे दोरीवर टाकत होती, तीही थांबली.

“देवळीले नको नेऊ,” रूपराव म्हणाले.

सुरभीने मान खाली घातली. तिचे खांदे सैल झाले.

“मंग?”

“वर्ध्याले ने.”

धनंजयने मान डोलावली. सुरभी हळूच उठून आत गेली.

काय बोलायचं ते मोनालीला माहीत होतं. नदीवर ती जेवढ्या शांतपणे बोलली, तेवढ्याच शांतपणे आताही बोलता आलं असतं. पण त्याच्या आधी तिच्या मनात दुसरंच काही येऊन गेलं होतं: आपले आईबाबा आर्वीला राहतात, वर्ध्याची भाजी तिकडे जात नाही. सुटल्यासारखं वाटलं होतं तिला, अगदी स्पष्ट. आणि ते वाटून गेल्यावर पहिला शब्द तोंडातून निघेना.

अंकुशने अंगणाच्या फाटकापाशी न्यायला एक पोतं उचललं. ते जड होतं, एका बाजूला कललं.

“वहिनी, तिकडून धरता का जरा?”

तिने चिमटे खाली ठेवले आणि पोत्याचं दुसरं टोक धरलं.